सातवी खोळ

आमच्या शाळेच्या फाटकासमोर तीन रस्ते मिळतात. तिथं अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हमखास उतारा पडलेला असायचा. हळदकुंकू लावलेलं लिंबू, भाताची मूद, कधी नारळ. पोरं लांबून वळसा घालून यायची. आम्ही मास्तर लोकही, खोटं कशाला बोला, नजर चुकवून वळसाच घालायचो. गणिताचे सर मात्र सायकल थांबवायचे, लिंबू उचलायचे, शाळेच्या नळाखाली धुवायचे आणि खिशात टाकायचे. मधल्या सुट्टीत ते लिंबू त्यांच्या आमटीवर पिळलं जायचं.

"रस बघा की," म्हणायचे. "उताऱ्याला लोकं लिंबू निवडून घेत्यात. बाजारात आसलं मिळत न्हाय."

नारळ असेल तर त्या दिवशी शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळ्यांना खोबरं. मुख्याध्यापक खोबरं घ्यायचे, "वा वा" म्हणायचे आणि सर पाठमोरे झाले की कागदात गुंडाळून टेबलाच्या खणात ठेवायचे. त्या खणात किती दिवसांचं खोबरं साठलं होतं कोण जाणे, पण मुंग्या मात्र झाल्या होत्या.

मी जयसिंगपूरच्या त्या शाळेत मराठी शिकवायला लागलो तेव्हा सर पन्नाशीच्या आसपास होते. मी राहणारा कोल्हापूरचा, शिवाजी पेठेतला. रोज गाडीनं जाऊन येऊन करायचो. सर मूळचे कुरुंदवाडचे. लग्न केलेलं नव्हतं. आठवडाभर जयसिंगपुरात एका खोलीत राहायचे आणि शनिवारी शाळा सुटली की सायकलवरून कुरुंदवाडला, वहिनीकडं. सहकाऱ्यांना ते नावानं हाक मारत नसत, विषयानं मारत. मी "ओ मराठी", शेजारचे "ओ भूगोल". चित्रकलेच्या बाई रागवायच्या म्हणून त्यांना तेवढं "बाई".

गणित शिकवताना शुद्ध पुस्तकी बोलायचे, आणि खडू खाली ठेवला की पुन्हा कुरुंदवाडी. त्यांच्यासमोर "अंदाजे" हा शब्द उच्चारायची सोय नव्हती. मी एकदा म्हणालो, सर, आज गाडीला फार गर्दी होती. तर म्हणाले, "किती?" आता गर्दी किती हे कसं सांगणार? "डब्यात उभं किती हुते, मोजलं?" नाही मोजले. "मग गर्दी हुती का तुमाला जागा मिळाली न्हाय?" खरं तेच होतं.

शाळेची सहल निघाली की पोरं मोजायचं काम त्यांच्याकडं. एसटीच्या दारात उभे राहून मोजायचे, चढताना एकदा, बसल्यावर एकदा, आणि वाटेत चहाला थांबलो तरी पुन्हा एकदा. तरुण मास्तरांना दम देऊन सांगायचे, "मोजणारा मोजणीत न्हाय. स्वतःला धरू नका. निम्म्या चुका तितंच हुत्यात." एका सहलीला आमच्या भूगोलवाल्यांनी पोरं मोजली आणि एक जास्त निघाला. सगळे घाबरले, कुणाच्या घरचं पोर उचलून आणलं काय म्हणून. सर शांतपणे म्हणाले, "ओ भूगोल, तुमी स्वतःलाच मोजलाय." तसंच झालं होतं.

तर असा हा माणूस. देव मानायचा नाही, भूत मानायचा नाही, मुहूर्त तर नाहीच नाही. शाळेमागं एक चिंच होती, तिथं काही तरी आहे म्हणून पोरी जायच्या नाहीत. सरांनी नववीचा अख्खा वर्ग तिच्याखाली नेऊन त्रिकोणाची प्रमेयं शिकवली. तास संपल्यावर विचारलं, कुणाला काही झालं? कुणाला काही झालं नव्हतं, दोघांना मुंगळे चावले होते एवढंच. तेवढ्यात मागच्या रांगेतली, शिरोळकडून येणारी एक मुलगी उभी राहिली.

"सर, मग पाणगडी बी खोटाच का?"

मी तेव्हा शेजारच्या वर्गाच्या खिडकीत उभा होतो, म्हणून हे मला पहिल्यापासून माहीत आहे. सरांनी उपरण्यासारखा खांद्यावर टाकलेला रुमाल काढला, तोंड पुसलं, आणि म्हणाले, "न्हाय. त्यो हाय."

पोरं हसली. त्यांना वाटलं, सर गंमत करतायत. मलाही तसंच वाटलं. पण सर हसले नाहीत. त्यांनी फळा उचलायला सांगितला आणि सगळ्यांना वर्गात नेलं.

पाणगडी म्हणजे काय हे मला, कोल्हापूरच्या माणसाला, ठाऊक नव्हतं. आमच्याकडं पंचगंगेवर पोहायला जाणाऱ्यांना फक्त भोवऱ्याची भीती घालतात. कृष्णा आणि पंचगंगा जिथं मिळतात त्या बाजूच्या लोकांनी मला सांगितलं ते असं. पाणगडी माणसासारखाच असतो. अंगावर शेवाळ आहे का केस, हे नक्की सांगता येत नाही. हात गुडघ्यापर्यंत येतात. तोंड कुणी पाहिलेलं नाही, कारण तो कायम पाठमोरा किंवा डोक्यावरून काही तरी घेतलेला. एरवी कमरेएवढ्या पाण्यात उभा असतो, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण नदी चढली की माणसांत येऊन बसतो. आणि पुरात ज्याचा पत्ता लागत नाही, त्याला पाणगड्यानं कामाला ठेवून घेतलं असं म्हणतात. कसलं काम, ते कुणी विचारलेलं नाही. बारा वर्षांनी सोडतो म्हणे.

मी स्टाफरूममध्ये सरांना गाठलं. "सर, खरं सांगा, तुम्ही पोरांची फिरकी घेतली ना?"

"न्हाय."

"मग हे पाणगडी प्रकरण?"

"बघितलाय म्या. म्हंजे तोंड न्हाय बघितलं. पाच फूट सात इंच आसंल."

"पाच फूट सात इंच?"

"बसलेला हुता. एक इंच इकडं तिकडं धरा."

मी त्यांच्या तोंडाकडं बघत राहिलो. जो माणूस उताऱ्यातलं लिंबू आमटीवर पिळायचा, तोच माणूस भुताची उंची इंचात सांगत होता. हसावं का डॉक्टर बोलवावा हे मला कळेना.

एकदा ते आमच्या पेठेत फुटबॉलचा सामना बघायला आले. तालमीच्या कट्ट्यावर चहा झाला. मी चेष्टेनं पाणगड्याचा विषय काढला. आमच्या तालमीतले एक वस्ताद आहेत, आवाज असा की रंकाळ्यापर्यंत जावा. ते म्हणाले, "पावणं, तुमी मास्तर हाय का भगत?"

"मास्तर."

"मग देव मानता का?"

"न्हाय."

"देव न्हाय, अन् पाण्यातला गडी हाय? ह्ये कुठलं गणित म्हणायचं?"

सर चहा पिऊन झाल्यावर म्हणाले, "देव मोजणीत आला न्हाय कवा. ह्यो आलाय." वस्ताद माझ्याकडं बघायला लागले, मी वस्तादांकडं. सामन्यात मग सरांनी दोन्ही संघांचे फाऊल मोजले आणि पंचांनी दोन कमी दिले असं जाहीर केलं. पेठेत त्यांना मान मिळाला तो या फाऊलमुळं. पाणगडी सगळे विसरले, मी सोडून.

पुढं एका रविवारी त्यांनी मला कुरुंदवाडला जेवायला नेलं. वहिनींनी वांगी केली होती, ज्वारीची भाकरी, वर लोण्याचा गोळा. वहिनी म्हणजे त्यांच्या थोरल्या भावाची बायको. ठसठशीत कुंकू, हातात हिरव्या बांगड्या, बोलणं मोजकं. मी आपला सभ्यपणे विचारलं, "दादा दिसत नाहीत?" वहिनींचा वाढता हात थांबला. सर पटकन म्हणाले, "पाण्याकडं हायत."

जेवण झाल्यावर घाटावर बसून त्यांनी सांगितलं. पहिला मोठा पूर आला त्या वर्षी थोरले गेले. म्हणजे सापडले नाहीत. घर पडलं, गोठा वाहून गेला, म्हैस गेली, थोरल्यांचा पत्ता नाही. "पाणगड्यानं ठिवून घेतलं," सर म्हणाले. नदीकडं बोट करून म्हणाले, "तितं आसतो त्यो. त्या वाळलेल्या झाडाच्या खाल्ल्या अंगाला."

तेव्हा मला उलगडा झाल्यासारखं वाटलं. वहिनींचं कुंकू! सरांनी "पाणगडी खोटा" म्हणायचं तर थोरले मेलेले ठरतात, वहिनी विधवा ठरतात. गावात हळदीकुंकवाला कुणी बोलावणार नाही, लग्नात मागं उभं राहावं लागणार. म्हणून हा माणूस सगळ्या जगाला एक नियम लावतो आणि घरापुरता एक पाणगडी पाळतो. मला सरांबद्दल एकदम माया वाटली. परत येताना गाडीत मी स्वतःवरही खूश होतो, आपल्याला माणसं कळतात म्हणून.

बारा वर्षं पूर्ण झाली तेव्हा भावकी जमली. माणूस बारा वर्षं सापडला नाही की पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, दिवस घालायचे, अशी रीत आहे. त्याशिवाय गेलेल्याला गती नाही म्हणतात. सर सोप्यावर उभे राहिले आणि म्हणाले, "पानांचा पुतळा जाळायचा ही निव्वळ अंधश्रद्धा हाय. माझ्या घरात चालायची न्हाय."

एक चुलते म्हणाले, "आरं, मग तुजा पाणगडी काय हाय?"

"त्यो येगळा. त्यो मोजलेला हाय."

भावकी हात चोळत निघून गेली. मला हे सगळं सरांनीच सोमवारी सांगितलं, आणि आपण मोठा वाद जिंकलो अशा थाटात सांगितलं. मी म्हणालो, "सर, बारा वर्षं झाली, मग दादांना सोडायला पाहिजे होतं ना त्यानं?" सरांनी पुढ्यातली वही मिटली. मग म्हणाले, "बारा ह्यो आकडा लोकांचा हाय. माझा न्हाय."

त्यानंतर काही वर्षांनी आमच्याच भागातल्या एका गावानं ठराव केला, की नवरा गेला म्हणून बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत. पेपरात आलं, टीव्हीवर आलं. सर तोवर निवृत्त झाले होते, पण अंगात वारं शिरल्यासारखे सायकलवर निघाले. गावोगाव, शाळाशाळांतून, महिला मंडळांतून बोलत फिरले. आमच्या शाळेतही आले. "कुंकू बाईचं हाय, नवऱ्याचं न्हाय," असं टेबलावर हात आपटून म्हणाले. टाळ्या पडल्या.

कार्यक्रम झाल्यावर मी त्यांना बाजूला घेतलं. मला वाटलं, हीच वेळ आहे. "सर, आता वहिनींचं कुंकू कुणी पुसत नाही. आता तरी मोकळं करा स्वतःला. पाणगडी नाही म्हणा."

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी सोपं उदाहरण चुकवलंय. "कुंकवाचा अन् पाणगड्याचा काय संबंध?" म्हणाले. "त्यो हाय."

इतक्या वर्षांचा माझा उलगडा एका वाक्यात पाण्यात गेला. मी चिडलो. म्हणालो, "कशावरून आहे? एकदा शेवटचं सांगा. नाही तर मी समजेन तुम्ही मला आजवर बनवलंत."

मग ते शाळेच्या पायरीवर बसले आणि त्यांनी पहिल्यांदा सगळं सांगितलं.

पुराचं पाणी गल्लीत छातीएवढं आलं होतं. भर दुपार, पण पाऊस असा की समोरचं दिसेना. होड्या लांब अडकलेल्या. शेवटी कुणीतरी गुऱ्हाळातली गूळ आटवायची काईल आणली. आमच्याकडं पुरात ही थोरली लोखंडी कढईच होडी होते. दोघं पोहणारे बाहेरून धरून ढकलतात, माणसं आत गोल बसतात. प्रत्येकाच्या डोक्यावर पोत्याची खोळ. मोजायचं काम अर्थात सरांचं. त्यांनी जिन्यावर उभं राहून मोजलं, सात. त्यांत वहिनी होत्या, थोरले होते, गल्लीतले पाच. मग सर स्वतः चढले. ढकलणारे ओरडले, पाणी वाढतंय, सगळे आले का? सरांनी पुन्हा मोजलं.

"पावसानं डोळं उघडत नव्हतं," सर म्हणाले. "हातानं खोळी चाचपत गोल मोजत आलो. सात. म्हटलं, सोडा. पल्याड उतरून मोजलं तर सहा. दादा न्हाय. मागनं कळलं, मी चढायच्या गडबडीत दादा उतरला हुता. म्हशीचं दावं सोडाया. पाणी एवढं चढलं की काईल परत नेता आली न्हाय." त्यांनी बोटं मोडली. "मग मला सांगा, ओ मराठी, दादा गोठ्यात, तर काईलीत सातवी खोळ कुणाची? मधीच पाण्यात कोण उतरलं? दादाच्या जागी येऊन कोण बसलं हुतं?"

सातवी खोळ कुणाची हे मला तिथंच कळलं. त्यांची स्वतःची. पावसात आंधळ्यासारखा गोल फिरणारा हात शेवटी आपल्याच डोक्यावर आला होता. भूगोलवाल्यांची चूक शांतपणे दाखवून देणाऱ्या माणसानं तीच चूक केली होती, आणि "सोडा" म्हणून भावाला मागं ठेवला होता.

सर माझ्याकडं बघत होते. "मोजणारा मोजणीत न्हाय," ते हळू म्हणाले. "मी स्वतःला कवाच धरत न्हाय. तुमाला ठावं हाय."

त्या नजरेत काय होतं ते मला आजही सांगता येत नाही. मी "नाही सर, चुकलं तुमचं" म्हणावं अशी त्यांची इच्छा होती, का मी ते म्हणेन अशी भीती होती? त्यांना सगळं ठाऊक होतं, का खरंच काहीच ठाऊक नव्हतं? मी मराठीचा मास्तर, आयुष्यभर पोरांना "लेखकाला काय म्हणायचे आहे" हे लिहायला लावलं, आणि समोर बसलेल्या माणसाला काय म्हणायचं आहे ते मला कळेना. मी म्हणालो, "बरोबर आहे सर. मग तो पाणगडीच." सरांनी मान हलवली, सायकल घेतली आणि गेले. मी खोटं बोललो याचं वाईट वाटलं, आणि खरं बोललो असतो तर जास्त वाटलं असतं.

गेल्या वर्षी सर गेले. अंगणात खुर्चीत बसल्या बसल्या. रक्षाविसर्जनाला मी घाटावर होतो. कार्याला शाळेतले जुने विद्यार्थी इतके आले की मोजायला सर हवे होते.

महिनाभरानं वहिनींचा फोन आला. "सर, जरा येऊन जावा. एक कागद लिवायचा हाय." शेतजमीन दोघा भावांच्या नावावर होती. वारसाची नोंद करायची तर थोरले कागदोपत्री अजून जिवंत होते. ते कसे गेले, कधी गेले, हे त्या काईलीत असलेल्या माणसानं जबाब म्हणून लिहून द्यायचं होतं. पोहणारे गावात उरले नव्हते, गल्लीतले पाचही जण गेले होते. उरल्या होत्या फक्त वहिनी.

सोप्यावर बसून मी कागद पुढं घेतला. मला धीर होईना. सरांना दिलेला शब्द मोडल्यासारखं वाटत होतं. म्हणालो, "वहिनी, सर म्हणायचे ते..."

"पाणगडी न्हाय, सर," वहिनी म्हणाल्या. "कवाच नव्हता."

मी पेन खाली ठेवलं.

"दावं सोडून आलो म्हणून ह्ये उतरले, ते मी बघिटलं हुतं. माझ्या शेजारनंच उतरले. मग भावजी म्हणाले, सात. मला वाटलं, पल्याडच्या अंगानं येऊन बसले आसतील. समद्यांची डोस्की झाकलेली. भावजींची मोजणी कवा चुकलीया? म्हणून मी गप बसले." त्यांनी पदरानं डोळे पुसले. "एक शबूद बोलले आसते तर थांबले आसते सगळे."

"तुम्ही हे सरांना कधी..."

"काय सांगायचं? तुमी सोताला मोजलं, आसं? दुसऱ्याच दिवशी ते इहिरीवर जाऊन बसलेले. दिवसभर. उठंनात. मग कुणी तरी म्हातारी म्हणाली, पाणगडी बसला आसंल काईलीत. भावजींनी माझ्याकडं बघिटलं. मी म्हटलं, व्हय, माझ्या शेजारीच कोण तरी गार गार बसलं हुतं. तवा ते उठून जेवले."

म्हणजे पाणगडी सरांनी वहिनींसाठी पाळला नव्हता. वहिनींनी सरांसाठी पाळला होता, आणि एवढी वर्षं दोन वेळचं वाढून जगवला होता. का सरांना तेही कळलं होतं, आणि वहिनींच्या मनाला लागू नये म्हणून ते "त्यो हाय" म्हणत राहिले? मी विचारलं. वहिनी म्हणाल्या, "मला काय ठावं? आमी कवा बोललोच न्हाय." एका घरात दोन माणसं इतकी वर्षं एकमेकांना सांभाळत होती, आणि दोघांनाही खात्री नव्हती.

कुंकू तसंच होतं कपाळावर. माझी नजर गेलेली पाहून त्या म्हणाल्या, "भावजींनी समद्या तालुक्याला सांगितलं, पुसू नका म्हणून. मग मी कशाला पुसू?"

मी पेन उचललं. "सांगा वहिनी, काय लिहू? घरीच राहिले, असं?"

"न्हाय." त्या सावरून बसल्या. "लिवा, काईलीत बसले हुते. मधल्या धारंला तोल जाऊन पाण्यात पडले."

"पण वहिनी, तसं झालं नाही. आणि हा सरकारी कागद आहे."

"हूं दे. सरकारला काय, माणूस गेला एवढंच पायजे. लिवा, काईलीत भावजी सोडून सात जण हुते."

मी लिहायला लागलो. असं खोटं मी जन्मात लिहिलं नव्हतं, आणि इतकं काळजीपूर्वकही कधी काही लिहिलं नव्हतं. आकड्यापाशी आलो. वहिनी पुढं वाकून कागदाकडं बघत होत्या. त्यांना वाचता थोडंच येत होतं, पण आकडे येत होते.

"सात नीट काढा, सर," त्या म्हणाल्या. "मागनं कुणी खाडाखोड हाय म्हणाया नको."